बोलके नाटक, मुका नाच

वाचकहो, बांधापलीकडच्या रानात दोघे भांडत असले, तर त्यांचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. पण हातवारे पाहून भांडण कळते. कोण तापला, कोण नमला, तेही कळते. म्हणजे अंगालाही भाषा असते, बरं का! या भाषेत एक अख्खे नाटक कसे उतरले, ते आज पाहू.

इंग्लंडात शेक्सपिअर नावाचा थोर नाटककार होऊन गेला. १५९० च्या सुमारास त्याने एक विनोदी नाटक लिहिले. एका श्रीमंताच्या दोन मुली. थोरली कॅथरिना तोंडाने फटकळ, धाकटी गोड बोलणारी. थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे करायचे नाही, असा बापाचा हट्ट. पेट्रुशिओ नावाचा बिलंदर गडी हुंड्याच्या लोभाने थोरलीशी लग्न करतो. मग तिला उपाशी ठेवून, झोपू न देऊन तिची खोड मोडतो. आपल्याकडे वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी याच नाटकावरून 'त्राटिका' लिहिले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले.

या नाटकाची गंमत बोलण्यात आहे. टोल्याला टोला, शब्दाला शब्द. मग शब्दच काढले तर उरणार काय?

हा पेच जॉन क्रॅन्को यांच्यापुढे होता. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात त्यांची नर्तकांची मंडळी होती. १९६९ साली त्यांनी या नाटकाचा बॅले केला. बॅले म्हणजे नाचून सांगितलेली गोष्ट. आपल्या वगात नाच असतो, पण बोलणेही असते. या बॅलेत कोणी चकार शब्द काढत नाही. फक्त वाद्ये वाजतात.

क्रॅन्को यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, पसारा कमी केला. नाटकाच्या आरंभी एका दारुड्याची वेगळीच हकीकत आहे. ती त्यांनी गाळली.

दुसरी, ऐकण्याचे होते ते दिसते केले. कॅथरिनाच्या लग्नात नवरदेव धिंगाणा घालतो. नाटकात हे लग्न दिसत नाही. पाहून आलेला एक जण ते सांगतो. बॅलेत सांगणार कोण? म्हणून लग्नच रंगमंचावर लागते.

तिसरी, मनातला बदल जोडीच्या नाचात दाखवला. पहिल्या नाचात ती त्याला मारते, ढकलते. शेवटच्या नाचात दोघांची पावले एका तालात पडतात. मार्सिया हायडे आणि रिचर्ड क्रॅगन यांनी ही कामे प्रथम केली.

नाटकाच्या शेवटी कॅथरिना लांबलचक भाषण करते. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, असे ती सांगते. बॅलेत भाषण नाही, जोडीचा नाच आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, दोघेही एकमेकांकडे वळले.

पण बायकोला जेवू न देणे बॅलेतही आहे. लोक त्याला हसतात. आम्हाला ते हसू पटत नाही. भुकेने आलेले नमणे म्हणजे प्रेम नव्हे. नाच सुंदर झाला, म्हणून हे विसरून कसे चालेल?

गोष्ट नव्या रूपात आणणारा काही ठेवतो, काही टाकतो. त्याने काय ठेवले आणि काय टाकले, हे आपण डोळे उघडे ठेवून पाहावे.

करून पाहा : आपल्या ओळखीच्या वगातला एक प्रसंग न बोलता करून दाखवा. पाहणाऱ्यांना काय कळले आणि काय निसटले, ते विचारा.