आधी सेटिंग, मग नवा फोन

अगं, काल फोनवर बाबा शेजारी होते म्हणून तू मोकळं बोलली नाहीस, ते लक्षात आलं माझ्या. तुला नवा फोन हवाय. बीजीएमआय हा गेम खेळताना ऐन फाईटमध्ये स्क्रीन अडकते, समोरचा आधी मारतो आणि स्क्वॉडमधली पोरं तुझ्या नावाने शंख करतात. पण बाबांच्या गळ्यात हप्ते अडकवण्याआधी पाच मिनिटं माझं ऐक.

आधी सेटिंग उघड. ग्राफिक्स एचडी नाहीतर एचडीआर करून ठेवलं असशील, बरोबर ना? दिसायला छान दिसतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. सेकंदाला 30 फ्रेमवर, म्हणजे 30 चित्रांवर, खेळताना फोनला एक चित्र तयार करायला 33 मिलिसेकंद मिळतात. 60 वर जेमतेम 17. तेवढ्यात त्याने गवत, सावल्या, धूर, पाण्यावरची चमक सगळं रंगवायचं. नाही जमलं की चित्र उशिरा येतं, आणि तू नेम धरतेस तो, शत्रू मघाशी होता त्या जागेवर. सिनेमा 24 फ्रेमवर चालतो हे खरं, पण तिथे तू नुसती बघत असतेस. गेममध्ये तुझं बोट हललं की चित्रही त्याच क्षणी हलावं लागतं.

कमी तपशिलात भागतं का म्हणशील, तर आपल्या वारली चित्रांकडेच बघ ना. डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, 2011 मध्ये पद्मश्री मिळालेले. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले की झाला माणूस. नाक नाही, डोळे नाहीत, तरी तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर गरगर फिरताना दिसतो. मारामारीच्या गेमला तेवढंच लागतं: माणूस ओळखू यावा आणि हालचाल तुटू नये.

म्हणून ग्राफिक्स ‘स्मूथ’ कर. त्याबरोबर फ्रेम रेटचे वरचे पर्यायही बहुतेक उघडतील. एचडीआर किंवा अल्ट्रा एचडीवर ते अनेक फोनांत मिळतच नाहीत. सावल्या बंद, कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायझिंग बंद. लॅपटॉपवर दुसरा गेम खेळलीस तर रिझोल्यूशनही कमी करून बघ. 1080पी म्हणजे सुमारे 21 लाख ठिपके आणि 720पी म्हणजे सव्वानऊ लाख. निम्म्याहून जास्त ओझं तिथेच उतरतं. टेक्स्चर मात्र लगेच कमी करू नकोस. ते मुख्यतः मेमरी खातं, वेगाला तेवढं नडत नाही.

आता खरी गोम. मोठा आकडा नाही, टिकणारा आकडा निवड. तुझी स्क्रीन 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलू शकते. त्यावर 90 फ्रेम दिसणारच नाहीत. आणि गेम 40-45 वर रेंगाळत असेल तर एक चित्र 17 मिलिसेकंद दिसतं, पुढचं 33, आणि डोळ्याला धक्के बसतात. त्यापेक्षा पक्के 30 बरे. अर्थात अख्खी मॅच 60 टिकत असतील तर 60 च ठेव. लॉबीत सगळंच छान चालतं. परीक्षा करायची ती धूर, गाडी आणि चार शत्रू एकदम समोर आले की.

तुमच्या तलासरीच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, चार्जर लावून खेळलीस तर कुठलीही सेटिंग टिकणार नाही. फोन तापला की चिप स्वतःच वेग कमी करते, म्हणूनच तुझी पहिली मॅच बरी जाते आणि तिसरी रखडते. चार्जिंग आधी उरकून घे, कव्हर काढ, ब्राइटनेस उतरव, पंख्याखाली बस. आणि फोन फ्रीजमध्ये ठेवायचा शहाणपणा कुणी शिकवला तर ऐकू नकोस, आत पाणी धरतं.

अजून एक. प्रत्येक अडकणं ग्राफिक्सचं नसतं. कॅमेरा फिरवताना चित्रच तुटक होत असेल तर फ्रेम पडतायत. चित्र सुरळीत फिरतंय, पण तू धावून पुन्हा मागे खेचली जातेस, गोळी लागूनही लागत नाही, तर ते पिंग. नेटवर्कचा दोष. त्याला सेटिंगही उपयोगी नाही आणि नवा फोनही बहुधा नाही. रेंज चांगली आहे तिथे जाऊन बस.

सौंदर्याला मी नावं ठेवत नाहीये हं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. त्यातली मंदिरं, महाल, भिंतींवरची चित्रं थांबून बघायची असतात. असला गेम लॅपटॉपवर मिळाला तर खुशाल ग्राफिक्स वर ने आणि 30 वर निवांत खेळ. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरही बरेच गेम हेच विचारतात: वेग हवा की देखणेपणा? एवढी महागडी यंत्रं दोन्ही एकदम नेहमीच पुरवू शकत नाहीत, तिथे आपल्या साध्या फोनकडून कसली अपेक्षा करतेस?

आणि हो, 2023 मध्ये बीजीएमआय बंदी उठून परत आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली होती. दुसऱ्याच्या खात्यातून पळवाट काढू नकोस. तीन तास पुष्कळ झाले.

तर आठवडाभर या सेटिंगवर खेळ. तरीही फोन रडत असेल तर मला सांग, बाबांशी मी बोलेन. फक्त तेव्हा जाहिरातीतल्या 120 हर्ट्झच्या आकड्याला भुलू नकोस. तुझा गेम त्या फोनवर तासभर न तापता किती फ्रेम टिकवतो, एवढंच दुकानदाराला विचार.