सायकॉलॉजी घेताय? आधी वर्गाचे नियम वाचा

दहावीचा निकाल लागला आणि अकरावीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत जवळ आली की माझ्याकडे येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात, फक्त विषयाचं नाव बदलतं. मध्यंतरी मास मीडियाची लाट होती, आता सायकॉलॉजीची आहे. "मुलगी आर्ट्सला जायचं म्हणतेय," इथे वडिलांचा आवाज खाली जातो. "पण सायकॉलॉजी घेणार आहे," इथे तो पुन्हा वर येतो. आर्ट्स म्हटल्यावर नातेवाईक जे तोंड करतात, त्यावर हा उतारा सापडलेला असतो.

कारणं विचारली की तीही ठरलेलीच. कुणाला वेबसिरीज बघून गुन्हेगारांचं मन वाचायचं असतं. कुणाला मैत्रिणींनी सांगितलेलं असतं की तुझ्याशी बोललं की हलकं वाटतं. कुणाला गणितापासून पळायचं असतं. या तिघांचं फार बिघडत नाही, वर्षभरात ते ताळ्यावर येतात. मला काळजी वाटते ती चौथ्या प्रकारची. "आमचा मुलगा गप्प गप्प असतो, कुणात मिसळत नाही. सायकॉलॉजी घेतली तर त्याला स्वतःलाच सगळं समजेल ना?"

नाही समजणार. गप्प झालेल्या मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं असतं, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे. भरलेल्या वर्गात, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या तासात, फळ्यावर व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत लिहून कुणाचं मन दुरुस्त होत नाही. पोटाच्या दुखण्यावर मुलाला बायोलॉजी द्यावी असं कुणी म्हणत नाही. मनाचा विषय आला की मात्र शिकलेले आईवडीलही अशी जोडणी करतात, कारण कॉलेजची फी भरताना कुणाला काही सांगावं लागत नाही आणि समुपदेशकाच्या दारात ओळखीचं कुणी भेटेल याची धास्ती असते.

हा विषय शिकवणारे चांगले शिक्षक पहिल्या आठवड्यातच एक कागद हातात देतात. वर्गात काय अपेक्षित आहे, काय खपवून घेतलं जाणार नाही, आणि खाली पालकांची सही. बहुतेक घरांत तो न वाचता सही होऊन परत जातो. हा विषय आपल्या मुलाला मानवेल का, याचं उत्तर महागड्या अभियोग्यता चाचणीपेक्षा त्या कागदात लवकर सापडतं.

त्यातला रुक्ष भाग उरकून टाकू. हजेरी ७५ टक्के. राज्य मंडळाकडे ८० गुण लेखी आणि २० प्रकल्पाचे. सीबीएसईत ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. जर्नल ठरलेल्या तारखेला. हे वीस-तीस गुण 'हातचे' आहेत असं समजून लोक विषयाला 'स्कोरिंग' म्हणतात. मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, कारण खरा विषय त्या जर्नलमध्येच आहे.

एक जर्नल मी जवळून पाहिलेलं आहे. प्रयोग स्ट्रूपचा, १९३५ सालापासून जगभर केला जाणारा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला, 'निळा' पिवळ्या शाईत. समोरच्याने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. शिकलेला माणूस अडखळतो, कारण रंगाचं नाव सुचायच्या आत डोळे शब्द वाचून मोकळे होतात. मुलीने आजीला समोर बसवलं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजली. रंगांच्या साध्या पट्ट्यांना आजीला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच या फसव्या शब्दांना लागला. मुलगी घाबरली, पुस्तकात तर दुसऱ्या यादीला जास्त वेळ लागतो असं छापलेलं! आईने तोडगा काढला. दुसऱ्या यादीच्या वेळेत थोडे सेकंद वाढवले, सुबक स्तंभालेख काढला, निष्कर्ष पुस्तकातून उतरवला.

तोंडी परीक्षेत शिक्षिकेचं लक्ष वरच्या रकान्याकडे गेलं. प्रयुक्ताचं, म्हणजे प्रयोगाला बसलेल्याचं, शिक्षण : दुसरी. त्यांनी विचारलं, "आजी वाचतात का गं?" मुलगी म्हणाली, "अक्षर अक्षर जुळवून वाचते." मग खरे आकडे बाहेर आले. वाचन ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, त्याला शब्द आडवा येत नाही. आजीने नेमकं तेच दाखवून दिलं होतं. सगळ्या वर्गात सांगण्यासारखा निकाल त्या एकाच जर्नलमध्ये होता आणि तो पांढऱ्या शाईखाली गेला होता.

पालकांनी जर्नलला हात लावायचा नाही, हा नियम यासाठी आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, तो आणायचा नाही. शिक्षकांना ओळखू येतं. एका वर्गातल्या सगळ्यांचे आलेख पुस्तकासारखे गुळगुळीत आले की समजायचं, कुणीही प्रयोग केलेला नाही. जे घडलं ते लिहायचं, घडायला हवं होतं ते नाही. ज्या मुलाला हे जाचक वाटतं, त्याने हा विषय घेऊ नये.

दुसरा नियम तोंडाचा. प्रयोगाला बसणाऱ्याची परवानगी घ्यायची, मध्येच उठायची मुभा द्यायची, जर्नलमध्ये नाव न लिहिता आद्याक्षरं लिहायची आणि कळलेलं बाहेर बोलायचं नाही. हे नखरे नाहीत. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी जेमतेम वर्षाच्या आतल्या बाळाला मोठा आवाज करून करून पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती घालवायची तसदी घेतली नाही. अशा प्रकरणांतून हे नियम आले. सीबीएसईच्या बारावीत एका व्यक्तीची केस प्रोफाइल लिहायची असते. तेव्हा घरात कुजबुज सुरू होते, "मावशीवर लिही ना, तिच्या घटस्फोटाचं आपल्याला सगळं माहीत आहे." मावशीला विचारलंय का? नसेल तर तो अभ्यास नव्हे, चुगली आहे. वर पुन्हा त्या चुगलीला गुण मिळणार!

तिसरा नियम मुलांना सगळ्यात अवघड जातो. वर्गातल्या कुणालाही निदान चिकटवायचं नाही. बारावीला मानसिक विकारांचा धडा आला की आठवड्याभरात अर्ध्या वर्गाला स्वतःमध्ये सगळी लक्षणं दिसू लागतात आणि उरलेल्या अर्ध्याला ती शेजाऱ्यात दिसतात. पेन सरळ ठेवणारा ओसीडी, सकाळी हसून दुपारी रुसणारी बायपोलर. चांगले शिक्षक हे तिथल्या तिथे थांबवतात. घरीही थांबवा. "तू सायकॉलॉजीची ना, मग सांग बरं काकाच्या मनात काय आहे," हा लग्नकार्यातला विनोद पुरे झाला.

आता पालकांविषयी. आईवडील मानसशास्त्राच्या शिक्षकांना गाठतात आणि म्हणतात, "तिच्या मनात काय चाललंय ते जरा काढून घ्या ना. आम्हाला सांगत नाही. कुणी मुलगा वगैरे आहे का?" एका घरात तर मुलीने वर्गात भरलेली व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली वडिलांनी मागून नेली आणि रात्रीच्या जेवणावर एकेका उत्तराचा जाब विचारला. 'मला घरी मोकळेपणाने बोलता येते' यापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. त्यावर तासभर आरडाओरडा झाला. उत्तर खरं होतं याचा याहून सबळ पुरावा काय हवा? त्यानंतर तिने प्रत्येक प्रश्नावलीत शहाण्या मुलीची उत्तरं लिहिली.

शिक्षक तुमचे हेर नाहीत. वर्गातल्या सरावाच्या चाचण्यांची उत्तरपत्रिका मागू नका आणि मागितल्यावर त्यांनी नकार दिला तर मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. मूल स्वतःला इजा करून घेईल अशी चिन्हं असतील तर शिक्षक गप्प बसणार नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. हे अपवाद वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असतात. बाकीचं तुमच्या मुलीचं आहे. ते तुम्हाला हवं असेल तर तिच्याशी बोला. त्यासाठी तिला कुठलाही विषय घ्यावा लागत नाही.

बुद्ध्यंकाच्या आकड्याची हावही तशीच. वर्गात सरावासाठी सोडवलेल्या बुद्धिमापन चाचणीचा आकडा हा बुद्ध्यंक नसतो. तरी तो फॅमिली ग्रुपवर जातो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये सिमाँ यांच्यासोबत ही मोजदाद सुरू केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी तिचं रूपांतर मराठी आणि कानडी मुलांसाठी केलं. आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी ती हीच. मिरवायला आकडा मिळावा हा हेतू त्यात नव्हता.

नेहमीच्या वाटा भराभर सांगते, त्या तुम्हाला कुठेही सापडतील. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएस, म्हणजे सायन्स आणि नीट. अकरावी आर्ट्समधून तो रस्ता नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसत्या बीए-एमएवर ती मिळत नाही. तिथल्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या ताईचा सल्ला आज चालेलच असं नाही. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी घ्यायचा बेत असेल तर सोडून द्या, यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते प्रवेश थांबवले आहेत. आणि गणितातून सुटका? पदवीला संख्याशास्त्र आहे. प्रमाण विचलन, सहसंबंध, सगळं. कंपन्यांतली निवड, जाहिरात संशोधन, चाचण्या तयार करणं, ही बरी कामं ज्यांना मिळतात त्यांचं संख्याशास्त्र पक्कं असतं.

पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर दरवर्षी नवा माणूस येतो, हे विचारा. गेल्या वर्षीची जर्नल्स दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर ते कॉलेज यादीत खाली सरकवा, मग नाव कितीही मोठं असो.

आता ज्या वाटेविषयी मला कुणीच विचारत नाही ती. विशेष शिक्षक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. म्हणजे जवळपास प्रत्येक शाळेत अशी मुलं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मागे एक. तुमच्या गावातल्या शाळांत चौकशी करून पाहा, हे प्रमाण कुठे पाळलं जातंय का. पदविका बारावीनंतर दोन वर्षांची, शाखेची अट नाही. पदवीनंतर विशेष बीएड आहे. संस्थेला त्या वर्षाची पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, संस्थेच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

मानसशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं जे अंगी बाणवायचं, ते इथे रोज लागतं. सहा वर्षांच्या मुलाने आज चमचा किती वेळा स्वतःहून उचलला याची नोंद करायची, आणि उचलला नसेल तर शून्य लिहायचं. मुलाची आई दारात उभी असते, तिला शून्य ऐकायचं नसतं, तरी शून्यच सांगायचं आणि पुढच्या आठवड्यात चमच्याची मूठ जाड करून बघायचं. अनोळख्यांच्या दुःखात डोकावायची हौस इथे टिकत नाही.

मी हे सुचवते तेव्हा समोरचे आईवडील जरा सरसावून बसतात. "पगार काय?" खासगी शाळांत सुरुवातीला कमी, सरकारी कामात बरीच पदं कंत्राटी. हे लपवण्यात अर्थ नाही. पण नुसत्या एमएवर 'काउन्सिलर' अशी पाटी लावून बसणाऱ्यांची सुरुवातीची कमाई कुठे बरी असते? दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, आणि तो खरा असतो. "स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं, मतिमंदांच्या शाळेत शिकवते?" हो, विशेष शिक्षिका आहे म्हणून सांगायचं. ज्या घराला ते खटकेल, तिथे उद्या नातवंड उशिरा बोलायला लागलं तर तुमच्या मुलीचे काय हाल होतील, याचा विचार स्थळ बघतानाच झालेला बरा.

मुलांना मात्र मी लगेच हो म्हणू देत नाही. पुण्यात विशेष मुलांची कामायनी शाळा आहे, कोल्हापुरात चेतना विकास मंदिर आहे, बहुतेक जिल्ह्यांच्या गावी अशी एखादी शाळा आहे. रीतसर परवानगी घेऊन सुट्टीत तिथे मदतीला जायचं. फोटो काढायचे नाहीत, स्टेटस टाकायचं नाही. दुसऱ्या आठवड्यातही सकाळी वेळेवर जावंसं वाटलं तर अर्जात मानसशास्त्र भरा.