घरघर थांबते तेव्हा

कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करताना दम्याच्या तीव्र झटक्यांनी मला जे शिकवलं, ते असं.

१. आधी बोलतं करा. "काका, कधीपासून त्रास होतोय?" याला पूर्ण वाक्यात उत्तर आलं, तर थोडा वेळ हाताशी आहे. एकेका शब्दाला धाप लागत असेल, तर केसपेपर मागाहून. आधी बसतं ठेवा आणि ऑक्सिजन लावा.

२. घरघर थांबली म्हणून हायसं वाटून घेऊ नका. नवखी असताना एका मुलीची छाती शांत झालेली ऐकून मी निर्धास्त झाले होते. सिस्टरांनी तिच्या निळसर ओठांकडे बोट दाखवलं. आत-बाहेर जायला हवाच उरली नव्हती, मग आवाज कुठून येणार? ती वाचली, पण तेव्हापासून शांत छातीची मला धास्तीच वाटते.

३. पहिला तास वाया घालवू नका. साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ दर २० मिनिटांनी, तीन वेळा. स्टेरॉइडही त्याच तासात द्या, कारण त्याचा गुण यायला काही तास लागतात. गिळता येत असेल तर गोळीही इंजेक्शनइतकीच चालते. तरीही उतार नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम, शिरेतून २० मिनिटांत.

४. "डॉक्टर, झोपेचं इंजेक्शन द्या हो," असं नातेवाईक विनवतात. देऊ नका. ती तळमळ हवेसाठी असते. झोपेच्या औषधानं श्वासच मंदावेल.

५. 'नॉर्मल' रिपोर्ट नीट वाचा. जोरात धापा टाकणाऱ्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो ४० आला, तर रुग्ण थकत चाललाय. लगेच आयसीयूला कळवा.

६. घरी सोडण्याआधी पंप बघायला मागा. निळा पंप बहुधा रिकामा असतो आणि स्टेरॉइडचा पंप सीलबंद. "सवय लागेल म्हणून घेतला नाही," हे मी कितीदा तरी ऐकलंय. निळ्या पंपानं तेवढ्यापुरता आराम पडतो, श्वासनलिकांची सूज तशीच राहते. ती उतरवतो तो दुसरा पंप, आणि तो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो. कितीही गर्दी असो, ते सील मी माझ्यासमोर उघडायला लावते आणि स्पेसर लावून पहिला डोस तिथेच घ्यायला सांगते.