मालदीवमधला पैसा जातो कुठे?

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही मालदीवला चार रात्री राहून आलो. वाढपी बांगलादेशचे, आचारी श्रीलंकेचा, मॅनेजर युरोपातला. मालदीवचा माणूस बोटीवर भेटला तेवढाच. मग आम्ही मोजलेल्या पैशातून त्या देशाला मिळालं काय? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. अर्थशास्त्रात याला 'गळती' म्हणतात. विमान कंपनी, बुकिंगची वेबसाइट, परदेशी मालकाचा नफा, मोठ्या हॉटेलचं नाव वापरण्याचं शुल्क असे वाटे आधीच निघतात. उरलेल्यातूनही बराच पैसा बाजारहाटासाठी बाहेर जातो. सकाळची बशी आठवा : लोणी, चीज, स्ट्रॉबेरी, सगळं जहाजाने नाहीतर विमानाने आलेलं. प्रवाळाच्या वाळूत पिकणार तरी किती?

माणसं दिसली नाहीत, कारण तशीच आखणी होती. १९७२ साली कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं (धिवेही भाषेत कुरुम्बा म्हणजे शहाळं). पुढे धोरण ठरलं ते एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि तेही निर्जन बेटावर. सरकारला बेटाचं भाडं आणि कर मिळतो. जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटी १७ टक्के आहे. शाळा-दवाखाने याच पैशावर चालतात, म्हणून परदेशी गुंतवणुकीला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पण कोळ्याच्या घरात नोकरीच्या पगारापलीकडे फारसं काही येत नव्हतं.

२००९च्या सुमाराला नियम बदलले आणि गावातल्या लोकांना गेस्ट हाउस काढायची मुभा मिळाली. माफुशी हे बेट तोवर तुरुंगासाठी माहीत होतं; आज तिथे गल्लोगल्ली पाहुण्यांच्या खोल्या आहेत. तिथल्या न्याहारीला मस हुनी मिळते : कुपा मासा, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत आपल्या पोळीसारखी रोशी. पीठ आयातच, पण मासा तिथल्या समुद्रातला, होडीवरून गळाने एकेक करून धरलेला. कामाला बांगलादेशी पोरं तिथेही असतात. तरी घर गावकऱ्याचं असेल, तर खोलीचं भाडं गावातच राहतं आणि त्यातून शेजारच्या बोटवाल्याला, किराणा दुकानदारालाही काम मिळतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

पुन्हा गेलात तर निदान दोन रात्री अशा बेटावर काढा. दारू मिळणार नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग असतो. आणि खोली ठरवण्याआधी एवढं विचारा : घराचा मालक याच बेटावर राहतो का?