वजन परत का येतं? कोरियन काढा मागवावा का?

प्रश्न : लग्नाआधी भात-पोळी सोडून मी नऊ किलो वजन उतरवलं. वर्षभरात सगळं परत आलं. डाएटनंतर वजन परत वाढू नये म्हणून कोरियात वनस्पतींचा काढा देतात, असं मोबाइलवर पाहिलं. तो मागवावा का?
— एक वाचिका, रिसोड (जि. वाशिम)

उत्तर : मागवू नका, ताई. ई जे-मा या कोरियन वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या. त्यांतल्या धिप्पाड बांध्याच्या 'तेउम' प्रकृतीसाठी 'तेउम-जोवी-तांग' नावाचा काढा आहे आणि वजनासाठी तिकडे तोच फार चालतो. त्यात चेस्टनट आणि मुळ्याचं बी असतं, पण भूक मारण्याचं काम मुख्यतः एफेड्रा ही वनस्पती करते. तिच्यातलं एफेड्रीन छातीची धडधड वाढवतं, रक्तदाब चढवतं, झोप उडवतं. एफेड्रा असलेल्या पूरक आहारावर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. कोरियातला वैद्य माणूस तपासून मात्रा ठरवतो. कुरिअरने पाकीट मागवलं तर तुमची नाडी कोण पाहणार? शिवाय काढा थांबला की भूक परत येते.

वजन परत आलं यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही, हे आधी मनावर घ्या. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वर्षभरानंतरही लेप्टिन हे तृप्तीचं संप्रेरक कमी आणि घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जास्तच आढळलं. म्हणजे शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. उपाशी राहून स्नायू झडले असतील तर रोजची उष्मांकांची गरजही घटलेली असते.

आपल्या चरकसंहितेत अतिस्थूल माणसाच्या आठ दोषांत अतिभूक मोजली आहे. म्हणून तिथे उपाशी ठेवायला सांगितलेलं नाही. पचायला जड, पोट भरेल पण अंगी कमी लागेल असं अन्न द्यावं आणि व्यायाम हळूहळू वाढवावा, असं सांगितलं आहे. त्या अन्नाच्या यादीत मूग, कुळीथ, तूर, आवळा आहेत, आणि टीकाकारांच्या मते ज्वारीसुद्धा. वाशिमकरांच्या ताटातलंच की हे सगळं! सोयाबीनने शेतातून ज्वारी हटवली आणि घरात रोज पोळी आली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा भाकरी सोडू नका. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर पालेभाजी. चालत असेल तर अंडं. रोज पाऊण तास चाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशांसारखा जोर लागणारा व्यायाम करा, म्हणजे स्नायू टिकतील. वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी बघा. दोन किलो वाढले की लगेच सावरा, नऊ होईपर्यंत थांबू नका. या वेळी उतरवायची घाई नको. महिन्याला एक-दोन किलो पुरे, आणि नंतरचं वर्षभर हाच आहार चालू ठेवायचा. त्याआधी जिल्हा रुग्णालयात थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.