सायकलीचे पायडल व त्याची निगा

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली एखादी जुनी सायकल उभी असते. कोणाची अ‍ॅटलस, कोणाची हर्क्युलिस, क्वचित वडिलांच्या वेळची आसनसोलची सेन-रॅले. ती का चालवीत नाही असे विचारल्यास ‘पायडल कुरकुरते’ किंवा ‘डुगडुगते’ असे सांगण्यात येते, आणि एवढ्याशा कारणासाठी ती एक दिवस भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. वास्तविक आसपासच्या खेड्यांतून उज्जैनच्या शाळांत येणाऱ्या एखाद्या मुलास ती मिळाली, तर त्याचे सारे शालेय शिक्षण तिच्यावर पार पडेल. म्हणून पायडल उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसविण्याची रीत येथे देत आहोत.

पायडलाच्या मधून एक पोलादी दांडी जाते. तिच्या दोन्ही टोकांशी छर्‍यांचे एकेक कडे असते. छर्‍यांच्या एका अंगास कटोरी, दुसऱ्या अंगास कोन. बाहेरचे टोक टोपीने झाकलेले असते, क्रँककडचे आतले टोक मात्र बहुधा उघडेच. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकटते व उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती या उघड्या बाजूने शिरून ग्रीसमध्ये कालवली जाते, आणि मग तेच ग्रीस कानशीचे काम करू लागते. वरून तेल सोडल्यास आवाज दोन दिवस थांबतो खरा, पण उरलेसुरले ग्रीस वाहून जाते. खाण्याचे तेल तर मुळीच घालू नये. ते वाळून चिकटा धरते.

आता आट्यांविषयी. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे सरळ, डाव्याचे उलटे असतात. याचे कारण पाहावयाचे असल्यास थाळीत एक लहान वाटी ठेवावी व ती काठाला टेकवून, घसरू न देता, गोल फिरवावी. वाटी थाळीत ज्या दिशेने फेरी घेते, त्याच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरते. क्रँकच्या भोकात दांडीही पायाच्या दाबाने अशीच, केसभर का होईना, सरकत असते. दोन्हीकडे सरळ आटे असते तर डावे पायडल चालता चालता सुटून पडले असते. विमानाच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले राइट बंधू अमेरिकेत डेटन येथे सायकलीच बनवीत. १९०० साली त्यांनी आपल्या सायकलींच्या जाहिरातीत या उलट्या आट्यांचा गुण सांगितला होता. विमान उडाले ते पुढे १९०३ साली.

हे सर्व वर्गात शिकवूनही आम्ही स्वतः एकदा चुकलो. नववीतील एका मुलीच्या सायकलीची दोन्ही पायडले आम्ही मोठ्या हौसेने शाळेच्या ओट्यावर उघडली आणि बसविताना त्यांची अदलाबदल केली. पायडल शिरेना, तेव्हा पान्याला नळी लावून जोर केला. दांडी कठीण, क्रँक त्या मानाने मऊ. क्रँकचे आटे सोलून निघाले. नवी क्रँक मिळेपर्यंत ती मुलगी अकरा दिवस पायी आली, आणि त्यांतले तीन दिवस आलीच नाही. तिच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. ‘मास्तरसाहेब, होतं असं’ एवढेच म्हणाले. तेव्हापासून दांडीच्या टोकावरील ‘एल’ व ‘आर’ ही अक्षरे चष्मा लावून वाचल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावीत नाही.

पाना दांडीच्या चपट्या भागावर वर उभा लावावा व मागील चाकाकडे ओढावा, म्हणजे दोन्ही बाजूंची पायडले सुटतात; पुढील चाकाकडे रेटल्यास आवळतात. गंजून बसले असेल तर झगडू नये. सायकल आडवी निजवावी, पायडल वर येईल, आणि ते क्रँकवरच उघडावे. खाली जुने धोतर किंवा पांढरे फडके अंथरावे, कारण आतले छर्रे निसटून घरंगळतात. टोपी काढून आधी चेकनट, मग वायसर, मग कोन काढावा. दोन्ही बाजूंचे छर्रे निरनिराळ्या वाट्यांत मोजून ठेवावेत व संख्या लिहून ठेवावी.

रॉकेल पूर्वीसारखे सहज मिळत नाही. डिझेलनेही काम भागते. सर्व भाग धुऊन पूर्ण वाळवावेत. कोन व कटोरी उन्हात धरून पाहावी. खड्डे पडले असतील तर तो भाग बदलावा; तेथे कंजूषपणा करू नये. छर्रे बदलायचे ते सगळे एकदम, त्याच मापाचे. जुन्यात दोन नवे मिसळल्यास सारा भार त्या दोघांवर पडतो.

कटोरीत ग्रीस भरून त्यात छर्रे एकेक चिकटवावेत. कोन हाताने घट्ट फिरवावा, मग किंचित सैल करावा, वायसर बसवावा व चेकनट आवळावा. चेकनट आवळताना कोनही थोडा फिरतो, त्यामुळे हे दोन-तीनदा करावे लागते. पायडल बोटाने फिरविल्यास खरखर न करता फिरावे, आणि धरून हलविल्यास डुगडुगू नये. पायडल क्रँकवरून काढले असेल, तर क्रँकमध्ये जाणाऱ्या आट्यांनाही ग्रीसचे बोट लावून ते प्रथम हातानेच फिरवावे. तीन-चार फेरे हाताने गेले, तरच पाना लावावा. आठवड्याने चेकनट पुन्हा एकदा तपासावा.