शिंकेचे शिष्टाचार आणि पडसे

शिंक आल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याने ‘यरहमुकल्लाह’ म्हणावे, हे आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. सहीह मुस्लिममधील एका हदीसकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एक माणूस शिंकला, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली, तो पुन्हा शिंकला, तेव्हा याला पडसे झाले आहे, असे ते म्हणाले. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत असेही आले आहे की, शिंकताना प्रेषित (स.) हाताने अथवा वस्त्राने मुख झाकत व आवाज मंद ठेवत.

पडसे थंड वाऱ्याने किंवा दही-केळी खाल्ल्याने होते, हा समज सोडून द्यावा. ते विषाणूंमुळे होते. असे विषाणू 200 हून अधिक प्रकारचे असून रायनोव्हायरस त्यांत सर्वांत जास्त आढळतो. शिंकेच्या तुषारांतून ते पसरतातच. पण नाक पुसलेला हात, माठावरचा सर्वांचा एकच पेला आणि घरभर फिरणारा एकच टॉवेल हेही त्यांचे मार्ग आहेत.

पाच वेळा वुजू करणाऱ्यास सर्दीचे भय नाही, असे काही जण सांगतात. असा दावा जपून करावा. वुजू ही इबादतीची तयारी आहे. विषाणू घालविण्यासाठी साबण लावून किमान 20 सेकंद हात चोळावे लागतात. तेव्हा पडसे झालेल्याने नाक शिंकरल्यावर साबणाने हात धुवावेत आणि काही दिवस मुसाफहा टाळून केवळ सलाम करावा. यात कुणाचा अनादर होत नाही. वुजूखान्यात साबण ठेवणे मशिदीच्या विश्वस्तांनाही जड नाही.

पडसे बहुधा 7 ते 10 दिवसांत आपोआप बरे होते. विश्रांती, कोमट पेये व मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेशा असतात. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. म्हणून थोरल्याच्या उरलेल्या गोळ्या धाकट्याला देऊ नयेत. मधाने खोकल्याला आराम पडतो, परंतु एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच चाटवू नये. आणि बाळाचा श्वास जलद चालू लागला, दूध पिणे सुटले, किंवा दम्याच्या रुग्णाला धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.